प्राचीचा सव्वा महिना

वरवंडात कुणाचं तान्हं पोर रडायला लागलं, की शेजारणी आधी आक्काबाईला हाक मारत आणि मग डॉक्टरला. यात डॉक्टरचा अपमान नव्हता. तो बिचारा दवाखाना उघडायचा दहाच्या पुढं, आणि पोरं उजाडल्यापासून रडतात. आक्काबाईचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. ती बौद्धवस्तीतली, पण तिचे हात बागायतदारांच्या बंगल्यांपासून हायवेवरच्या दुकानदारांच्या माड्यांपर्यंत सगळीकडं पोचलेले. एरवी तिला ओट्यावरच पाणी देणारी घरंसुद्धा या एका कामाला तिला थेट आतल्या न्हाणीत नेत. ते तिला चांगलं कळत होतं. "माझं हात लागल्याबिगर तुमचं लेकरू सरळ व्हत न्हाई, आन् मग मला बाहेर बसवता व्हय," असं ती तोंडावर ऐकवायची आणि वर चहा मागून घ्यायची.

तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. बाळंतपण नीट झालं, तर बाईचं जुनं दुखणं त्यात निघून जातं. हयगय झाली, तर नवं दुखणं जन्माचं मागं लागतं. हे तिनं पुस्तकात वाचलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणाची अर्धशिशी गेली, कुणाची कंबर मोकळी झाली. जिचं गेलं नाही तिनं पथ्य मोडलं असणार, वाऱ्याला बसली असणार, चोरून गार पाणी प्यायली असणार. अशी समजूत एकदा करून घेतली की माणूस कधी चुकतच नाही, आणि आक्काबाई तीस-पस्तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

आणि आता बाळंतीण होती ती तिची स्वतःची एकुलती लेक, प्राची.

प्राचीचं दुखणं मात्र अर्धशिशीसारखं नव्हतं. लग्नाआधी ती रांजणगावच्या एका कंपनीत भिंगाखाली बारीक पार्ट तपासायचं काम करायची. एकदा तिचा उजवा डोळा धूसर झाला. लाल रंग विटका दिसायचा, डोळा फिरवला की आत ठणकायचं. शिरूरच्या चष्मेवाल्यानं नंबर काढून दिला. महिनाभरात डोळा आपोआप निवळला आणि श्रेय चष्म्यानं खाल्लं. पुढं मांडवगण फराट्याच्या नवनाथशी लग्न झालं. तोही रांजणगावलाच, दुसऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. वर्ष झालं असेल नसेल, कंपनीच्या बसमधून उतरताना प्राचीला पायाखालची पायरीच लागेना. आधी मुंग्या, मग गुडघ्यापर्यंत पाय परक्याचा. नवनाथनं वेळ घालवला नाही. पुण्याला मेंदू-नसांच्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. एमआरआय झाला, मणक्यातून पाणी काढून तपासलं, आणि नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस.

आक्काबाईच्या जिभेला ते नाव कधी वळलंच नाही. ती 'एमेस' म्हणायची, तेही एखाद्या नावडत्या नातेवाइकाचं नाव घ्यावं तसं. नवनाथनं तिला त्याच्या धंद्यातलं उदाहरण देऊन समजावलं होतं. "मामी, नसंवर वायरीसारखं कव्हर असतं. आपलंच रक्त ते कव्हर सोलतं. मग मेंदूचा निरोप हाताला-पायाला नीट जात न्हाई."

"मग टेप मारायची की," आक्काबाई म्हणाली.

"या वायरीला टेप न्हाई. इंजेक्शन हाय. त्यानं पुढचं सोलणं लांबतं. झालं ते झालं."

प्राची ती इंजेक्शनं स्वतःच्या मांडीत स्वतः टोचून घ्यायला शिकली. तिचं तिनं सगळं नीट चालवलं होतं. मूल हवं झालं तेव्हा मॅडमना विचारून, त्यांच्या सांगण्यानं औषध थांबवलं. गरोदरपणात तिची तब्येत अशी काही सुधारली, की बघणाऱ्याला खोटं वाटावं. मॅडमनी बजावलं होतं, "हे असंच होतं. पोटात बाळ असेपर्यंत आजार झोपतो. बाळंतपणानंतरचे तीन महिने मात्र जपायचे. काही वेगळं वाटलं तर एक दिवस थांबायचं नाही, लगेच यायचं."

आक्काबाईनं यातलं पहिलं अर्धं ऐकलं. नऊ महिने दुखणं झोपलंय, म्हणजे ते ढिलं झालंय. आता नेटानं एक धक्का दिला की गेलंच. तो धक्का कुणी द्यायचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. सव्वा महिन्यानं, चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरच्या रविवारी, मांडवगणला नातीचं नाहीतर नातवाचं नामकरण होईल. त्या दिवशी प्राची आपल्या पायांनी गाडीतून उतरेल आणि लेकरू स्वतःच्या हातांत घेऊन मांडवात जाईल. 'आजारी पोरगी गळ्यात बांधली' असं मागनं कुजबुजणाऱ्या भावकीनं ते बघावं. बाकी आक्काबाईचं मागणं काहीच नव्हतं.

दौंडच्या दवाखान्यात प्राचीला मुलगी झाली. कापाकापी नाही, काही नाही. मार्चचे पहिले दिवस, उन्हं अजून अंगात यायची होती. वरवंडला घरी आणल्या आणल्या आक्काबाईनं आतल्या खोलीची खिडकी लावली, पंख्याचं बटण बंद करून वर चिकटपट्टी मारली, लेकीचे कान फडक्यानं बांधले आणि बाजेखाली शेगडी सरकवली. रेल्वेत गँगमन म्हणून उभा जन्म रूळ ठोकलेल्या तिच्या नवऱ्याला, खंडूला, लाकडं फोडायला बसवलं. तोही मुकाट बसला. त्या घरात बाळंतपण चालू असताना आक्काबाईपुढं बोलायची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्हाणं. निरगुडीचा पाला घालून हंडाभर पाणी असं उकळलेलं, की न्हाणीत माणूस दिसेना.

"आई, एवढं कढत नको," प्राची म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, अंग तापलं की माझा त्रास वाढतो. साधं कोमट चालेल."

"तुझ्या मॅडमला पोरं किती?"

"मला काय माहीत?"

"मग गप बस. ते औषधाचं त्यांनी सांगावं. बाळंतिणीला न्हाऊ कसं घालायचं ते त्या मला शिकवणार का आता?"

प्राची हसली. हसली म्हणजे मान्य केलं, असा सोयीचा अर्थ आक्काबाईनं काढला. आणि खरं सांगायचं तर प्राचीलाही मान्य करावंसं वाटत होतं. कंबरेवर कढत पाण्याचे तांबे पडत होते, पाठीवर आईचे हात चालत होते, आणि कोण जाणे, आईचंच खरं निघालं तर? शिकलेल्या माणसालाही अशी आशा सुटतेच. त्यात तिचं काय चुकलं?

न्हाण्यानंतर उठताना प्राचीचे पाय लटपटले. आक्काबाईनं काखेत हात घालून तिला बाजेवर आणली, शेपा-ओव्याची धुरी दिली, दोन गोधड्या घातल्या. तासाभरात पाय पूर्ववत झाले.

"बघ," आक्काबाई म्हणाली, "उबीनं दुखणं सुटाया लागलंय. जाताना जरा हलवून जाणारच ते."

पहिले पंधरा-वीस दिवस हेच चाललं. न्हाणं झालं की लटपट, तास गेला की बरं. नवनाथ सुट्टीला मोटारसायकलवर भीमेवरचा पूल ओलांडून यायचा, लेकीला मांडीवर घेऊन बसायचा, विचारायचा, "काय वेगळं वाटतंय का?" प्राची नाही म्हणायची. न्हाण्यानंतरची लटपट तिला वेगळी वाटतच नव्हती, ती तर रोजचीच झाली होती. आणि आईसमोर आईची तक्रार कोण करणार?

मग एक दिवस तास गेला तरी पाय बरे झाले नाहीत. दुपारनंतर झाले, थोडे. दुसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. लेकराला पाजायला मान खाली घातली, की मानेपासून पाठीच्या कण्यातनं सर्रकन करंट जायचा. ते तिनं आईला सांगितलं.

"वारं शिरलंय," आक्काबाईनं निदान केलं. "काल दार उघडं ठेवून बसलीवतीस." आणि तिनं शेक वाढवला. सकाळचं न्हाणं होतंच, आता संध्याकाळी तव्यावर वाळू तापवून तिची पुरचुंडी पाठीवर फिरू लागली. प्राची घामानं निथळत पडून राहायची. आक्काबाईला तो घाम बघून बरं वाटायचं. ती मनापासून करत होती हो. पोटच्या पोरीसाठी जेवढं येत होतं तेवढं सगळं करत होती, आणि दिवस जात होते.

एका सकाळी आक्काबाई धुणं वाळत घालून आत आली, तर प्राची भिंतीला टेकून बसलेली, नजर समोर, आणि लेकरू तिच्या हातातून घसरून मांडीशेजारच्या गोधडीवर पडलेलं. लागलं नव्हतं, रडतही नव्हतं, गोधडीचं टोक चोखत होतं.

"अगं पडलं की लेकरू!"

प्राचीनं खाली बघितलं. मग आपल्या हाताकडं बघितलं. हात अजून लेकरू धरल्यासारखाच वाकवलेला होता.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. "आई, मला वाटलं ती माझ्याजवळच आहे."

आक्काबाईनं लेकरू झटकन उचलून घेतलं. तरी तोंडातून बाहेर पडलं ते रोजचंच, "उद्या पाला जरा जास्त घालू." तेव्हा दारात लाकडं घेऊन उभा असलेला खंडू इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे बोलला. "बास झालं तुझं," तो म्हणाला आणि लाकडं तिथंच टाकून नवनाथला फोन लावायला बाहेर गेला.

पुण्याच्या दवाखान्यात एसी चालू होता. आक्काबाईनं प्राचीचे कान पदरानं झाकले, प्राचीनं ते सोडले. मॅडमनी पायांवर हातोडी मारून पाहिली, डोळे मिटून बोटांच्या टोकाला काय लावलंय ते ओळखायला सांगितलं. प्राचीला एकही ओळखता आलं नाही. पुन्हा एमआरआय झाला. मानेतल्या मज्जारज्जूवर नवा डाग होता.

"मुंग्या कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

प्राची आईकडं न बघता म्हणाली, "आठ-दहा दिवस झाले असतील. मला वाटलं, गरम पाण्यानंच होतंय."

मॅडम कागदावर लिहू लागल्या. आक्काबाईला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. निरगुडी, शेगडी, धुरी, वाळूची पुरचुंडी, काही म्हणता काही वगळलं नाही. पंख्याच्या बटणावरच्या चिकटपट्टीपर्यंत सांगितलं. "माझ्या हातनं झालं का हे? एकदाच सांगा, बाई."

"नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. "उष्णतेनं आजार वाढत नाही. त्रास तेवढ्यापुरता वाढतो, अंग निवलं की उतरतो. हा अ‍ॅटॅक बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना येतो. तुम्ही कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं असतं तरी आला असता."

"मंग?"

"फक्त एवढंच, की रोजच्या त्या लटपटीत नवा त्रास कळून आला नाही. लवकर आला असतात तर उतार लवकर पडला असता. पुढचं औषधही लवकर सुरू झालं असतं. कदाचित थोडा फरक पडला असता."

आक्काबाईनं 'कदाचित' एवढाच शब्द घरी आणला. तुमची चूक आहे म्हणाल्या असत्या, तर ती रडली असती, डोकं आपटून घेतलं असतं, मोकळी झाली असती. नुसतं चूक नाही म्हणून थांबल्या असत्या, तरी मोकळी झाली असती. हा मधलाच शब्द गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

पाच दिवस स्टेरॉइडची सलाइनं झाली. पाय बरेचसे परत आले. भिंत धरून संडासपर्यंत जाता येऊ लागलं. हात काही आले नाहीत. बोटांवर जाड मोजे घातल्यासारखं वाटतं, म्हणायची. कधी घट्ट धरायची, कधी धरलेलं सुटायचं, आणि सुटलेलं तिला कळायचं नाही. किती परत येईल, हे मॅडमनाही सांगता येईना. "काही महिने वाट बघू. काही जणींचं सगळं परत येतं, काही जणींचं थोडं राहून जातं." नवं औषध पहिल्यापेक्षा कडक होतं. ते सुरू झालं की अंगावरचं पाजणं बंद करायचं होतं.

"कधीपासून?" प्राचीनं विचारलं.

"औषध घ्याल त्या दिवसापासून."

आता बघा. अख्ख्या गावातल्या बायांना आळीव आणि शेपू खायला घालून जिनं दूध आणवलं, तिच्यावर स्वतःच्या लेकीचं दूध आटवायची वेळ आली. बाहेरच्या खोलीत खंडू बाटली घेऊन बसायचा. लेकरू भुकेनं रडलं की आतल्या खोलीत प्राचीचं पोलकं भिजायचं. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. आक्काबाई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहायची. इकडं जाऊन उपयोग नाही, तिकडं जाऊन उपयोग नाही.

एप्रिल तापला. खिडकी उघडली, शेगडी बाहेर गेली, चिकटपट्टी निघाली आणि पंखा रात्रंदिवस फिरू लागला. मॅडमनी सांगितलं होतं, गार ठेवा, बाकी काही करू नका. बाळंतिणीच्या मानेवर ओलं फडकं ठेवताना पहिल्या दिवशी आक्काबाईनं ते दोनदा परत उचललं. असं तिनं दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं असतं तर त्या घरात उभं आडवं भांडण केलं असतं. तिच्या हातांना जे जे येत होतं ते सगळं उबेचं होतं. ते सगळं आता बंद. दिवसभर करायचं काय? ती फडकं पिळायची, ठेवायची, पुन्हा पिळायची. शेजारची एक सून बाळंत झाली, बोलवायला आले, तर आक्काबाईनं हात दुखतात म्हणून सांगितलं.

एका दुपारी मांडवगणहून प्राचीची सासू मुक्ताबाई आली. तिनं येताना नातीला झबली आणली, सुनेला द्राक्षं आणली, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? बाहेर ओट्यावर आल्यावर ती आक्काबाईला म्हणाली, "इनबाई, वंगाळ वाटून घिऊ नका. नामकरण झालं की लेकरू आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. वरच्या दुधावरच हाय आता. आमची थोरली सून रश्मी घरात असती, मी हाय. तुमच्यानं दोघींचं व्हायचं न्हाई. प्राचीचं हात धराया लागलं की ती आन् लेकरू हायेतच की एका जागी."

"धराया लागलं की म्हंजी कवा?"

"ते मी कसं सांगू?"

"आन् तवर ते लेकरू आई कुणाला म्हणंल?"

मुक्ताबाईनं पदर सारखा केला. "तुमचं खरं हाय," ती म्हणाली. "पण परवा हातातनं पडलं ते गोधडीवर पडलं. फरशीवर पडलं असतं मंजी?"

आक्काबाईचा आवाज चढला. "माझी लेक नामकरणाला लेकरू सोताच्या हातात घिऊन बसंल. सगळ्या मांडवाम्होरं. बघाच तुम्ही."

"बसली तशी," मुक्ताबाई म्हणाली, "तर लेकरू तिच्यासंगं माघारी धाडीन मी. माझा शब्द. मला काय तोडायची हौस हाय का त्यास्नी?"

आत प्राचीनं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं उशी घेऊन सराव सुरू केला. उशी कुशीत घ्यायची, कोपर मांडीला टेकवायचं, हात नजरेनं धरून ठेवायचा. हाताकडं बघत राहिलं की हात ऐकायचा, नजर हलली की सुटायचा. सकाळच्या गारव्यात बराच वेळ जमायचं. ऊन चढलं की उशी घसरायची. पाण्यात बुडवलेलं फडकं मानेवर ठेवलं की पुन्हा थोडं जमायचं. मायलेकींनी हे बरोबर हेरलं आणि नवनाथला निरोप दिला, कार्यक्रम सकाळी लवकर, आठच्या आत उरका. नवनाथनं सगळ्यांना तसं बजावलं. त्या दोन-चार दिवसांत आक्काबाईच्या तोंडावर पुन्हा तजेला आला. तिला काहीतरी करायला मिळालं होतं.

रविवारी ते पहाटेच निघाले. प्राची नवनाथचा हात धरून, पण आपल्या पायांनी, गाडीतून उतरली. वस्तीतल्या विहारासमोर मांडव घातलेला, निळ्या पताका जयंतीपासूनच्या तशाच. पाटावर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. सगळं होतं, फक्त वंदना घेणारे बौद्धाचार्य नव्हते. ते दुसऱ्या गावी एका लग्नात अडकले होते. येतो म्हणाले, निघालोय म्हणाले, मग फोन उचलेनात. नवनाथ मांडवाच्या तोंडाशी फेऱ्या मारत होता. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. पाहुणे चहा पीत होते, एकमेकांना उसाच्या तोडीचं विचारत होते. त्यांना कसली घाई? आठ वाजले, नऊ वाजले, उन्हानं मांडवाचं कापड तापलं, दोन पंखे गरम वारा इकडून तिकडं करू लागले. आक्काबाई दर थोड्या वेळानं उठून हापशावर फडकं भिजवून आणायची आणि प्राचीच्या मानेवर ठेवायची. फडकं बघता बघता कोमट व्हायचं.

"जमंल का?" तिनं कानात विचारलं.

"नाही माहीत," प्राची म्हणाली. "हात आता लांब गेल्यासारखे वाटतायत."

बौद्धाचार्य आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. त्यांनी हात जोडून माफी मागितली, वंदना घेतली. प्राची खुर्चीवर बसली, आक्काबाई तिला खेटून शेजारच्या खुर्चीवर. मुक्ताबाईनं लेकरू आणून प्राचीच्या कुशीत ठेवलं. त्याच क्षणी आक्काबाईनं आपला पदर पुढं ओढला आणि पदराखालून दोन्ही हात लेकराखाली सरकवले. वजन तिच्या हातांवर आलं. वरून प्राचीचे हात. बघणाऱ्याला वाटावं, आईनं लेकरू धरलंय आणि आजी कौतुकानं वाकलीय.

प्राचीला ते कळलं. खाली बघून कळलं. तिनं आईकडं पाहिलं, आक्काबाईनं समोर पाहिलं. नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, फुलं पडली. भावकीतल्या बायका बघत होत्या. बघू देत. मुक्ताबाई हसत होती, तिचे डोळे भरले होते. आक्काबाईला वाटलं, झालं. सुटलो आपण. आता लेकरू घेऊन घरी जायचं.

"ताई, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. त्यानं एक फोटो काढला, कॅमेऱ्यात बघितला आणि मान हलवली. "आजी, जरा बाजूला सरा की. तुमचे हात येतायत मधी. आई-लेकीचा एक चांगला काढू."

आक्काबाई हलली नाही.

"आजी, हात तेवढे काढा."

"असाच काढ," आक्काबाई म्हणाली.

"एकच मिनिट लागतंय हो, आजी."

मांडवातल्या बायका वळून बघू लागल्या. मुक्ताबाईचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण नजर पदराखाली आली.

"काढ आई," प्राची हळू म्हणाली. "बघू तरी."

आक्काबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग डावा हात काढून घेतला. प्राची आपल्या हाताकडं टक लावून बघत होती, ओठ दाबून, कपाळावर घाम. फोटोवाला म्हणाला, "ताई, वर बघा, माझ्याकडं," आणि ती सवयीनं वर बघून गेली. कोपर सुटलं. लेकराची मान कलली आणि आक्काबाईचा डावा हात झडप घालून पुन्हा खाली गेला.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तो ओशाळून म्हणाला, "राहू द्या, आजी. राहू द्या तसंच."

प्राचीच्या तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं. उशी पडल्यावर दिसायची तशीच ती दिसत होती, दमलेली. तिनं मुक्ताबाईकडं मान वळवली.

"आत्या," ती म्हणाली, "घ्या तिला."

मुक्ताबाई पुढं आली. तिला घाईही करवेना आणि थांबवेनाही. तिनं वाकून लेकरू उचललं, छातीशी धरलं आणि उन्हातून सावलीकडं नेलं. आक्काबाई तशीच बसून होती, पदर पुढं ओढलेला, दोन्ही हात प्राचीच्या हातांखाली पसरलेले. लोक उठले, जेवणाच्या पंक्तीकडं वळले. शेवटी प्राचीलाच सांगावं लागलं, "आई, नेलं त्यांनी तिला. आता काढ हात."